कच्च्या टाक्याची उधारी

१९९२ साली 'चले जाव'ला पन्नास वर्षं होत होती. समुद्रपूरच्या आम्हा हौशी मंडळींनी चिमूरच्या उठावावर नाटक बसवायला घेतलं. चिमूर आमच्यापासून फार लांब नाही, जिल्हा तेवढा वेगळा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. गोळीबारात कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर पडला, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मला चित्रं काढता येत, म्हणून कपडेपट माझ्याकडे आला. शिवणार होते बाजारातले टेलरकाका. शाळेचे गणवेश आणि शेतकऱ्यांच्या बंड्या, एवढाच त्यांचा धंदा.

माझी चित्रं बाजूला ठेवून काकांनी आधी कच्चे नमुने शिवायला मांजरपाट मागितला. तोही रात्रभर भिजवून, वाळवून, कारण कोरं कापड आटतं. खाकी ड्रिल जाड, मांजरपाट पातळ. म्हणून शिपायांच्या नमुन्याला त्यांनी दुहेरी कापड धरलं. लांब धावदोरा, माया सढळ, काज-बटणं नाहीत. त्या पांढऱ्या सदऱ्यात एकाला उभं करून म्हणाले, "आता लाठी उगार." सदरा पट्ट्यातून निसटून वर आला.

"काका, मुंढा मोठा करू या?"

"नाई पोरी, मुंढा वर घ्याचा. मोठ्या मुंढ्यानं सारा सदराच हातासंग वर जाते."

उसवलं, मुंढा काखेलगत नेला, बाहीखाली चौकोनी तुकडा जोडला. लाठी पुन्हा उगारली. सदरा जागच्या जागी. हे उफराटं गणित पुढे मी शहरातल्या तरुण वेशभूषाकारांना शिकवलं, तेव्हा आधी कुणालाच पटायचं नाही.

बालाजी करणाऱ्या पोराला तर त्यांनी दुकानासमोरच्या मातीत पुन्हा पुन्हा पाडलं. कापड कुठे ताणतं, कुठे गोळा होतं, तिथे खडूच्या खुणा केल्या. "उभ्या मानसाचं माप घेतलं त तो उभाच राहीन. याले त पडाचं हाये." बायकांच्या लुगड्यांना मात्र नमुना लागला नाही. नऊवारीत बांधावरून धावणाऱ्या बायका गावातच होत्या. त्यांना आम्ही काय शिकवणार!

त्याच दिवसांत मी त्यांना एक कात्रण दाखवलं. कोल्हापूरच्या भानू अथैया, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर. काकांनी ते चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "शिवलं कोनं?" कात्रणात ते नव्हतं.

प्रयोगानंतर बिल आलं ते फक्त पक्क्या कपड्यांचं. नमुन्यांच्या शिलाईचं विचारलं, तर म्हणाले, "ते कोनं घालून नाटक केलं का? मंग पैसे कायचे?" पुष्कळ सांगितलं, ऐकले नाहीत.

आता माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात 'कच्ची शिलाई' वेगळ्या ओळीत असते. निर्माते पहिली तीच ओळ खोडतात. मी ती परत लिहिते, आणि शिंप्याचं नाव श्रेयनामावलीत लागेपर्यंत वेशभूषेपुढे स्वतःचं नाव घालू देत नाही.