करड्या छटांमागचा कुत्रा

कुत्र्याच्या नर जननसंस्थेत वीर्याला द्रव पुरवणारी प्रोस्टेट ही एकमेव सहायक ग्रंथी असून ती मूत्राशयाच्या मानेलगत मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. त्यामुळे तिची सोनोग्राफी करणारा पशुवैद्य आधी मूत्राशय शोधतो आणि त्याचा निमुळता होत जाणारा काळा आकार धरून मागे, कमरेच्या हाडांकडे सरकतो. मूत्राशय भरलेला असला तर काम पुष्कळ सोपे होते, कारण लघवीतून ध्वनिलहरी विनाअडथळा पार जातात आणि भरलेला मूत्राशय ग्रंथीला थोडे पुढे, पोटाच्या पोकळीत ओढून आणतो. दवाखान्यात शिरण्यापूर्वी कुत्र्याला खांबाखांबापाशी थांबू देणारा मालक म्हणूनच नकळत तपासणी अवघड करून ठेवतो. तरीही ग्रंथी हाडाच्या सावलीआड राहिली, तर मदतनीस हातमोजा घालून गुदमार्गातून बोटाने ती हलकेच पुढे ढकलतो.

निरोगी ग्रंथी आडव्या छेदात दोन सारख्या खंडांची, बारीक रवाळ पोताची आणि गुळगुळीत कडेची दिसते. तिचा आकार मोठा की योग्य, हे मात्र नुसत्या नजरेने ठरवू नये. वजनाच्या किलोंना ०.८६७ ने गुणून त्यात १.८८५ मिळवले, की निरोगी कुत्र्यात अपेक्षित घनफळ घनसेंटिमीटरमध्ये मिळते, असे एक प्रचलित सूत्र आहे. त्यानुसार २० किलोच्या कुत्र्याची ग्रंथी सुमारे १९ घनसेंटिमीटरची भरते. हे गणित वृषण शाबूत असलेल्या कुत्र्यापुरतेच लागू पडते, आणि या तपासणीतला कळीचा प्रश्नही तोच आहे: कुत्रा खच्ची केलेला आहे की नाही?

ग्रंथीची वाढ वृषणातून येणाऱ्या संप्रेरकावर अवलंबून असल्याने, खच्चीकरणानंतर काही आठवड्यांतच ती आक्रसते आणि पडद्यावर लहान, गडद दिसू लागते. उलट, वृषण असलेल्या कुत्र्याचे वय वाढते तशी ती फुगत जाते आणि तिच्यात द्रवाने भरलेल्या बारीक पोकळ्याही होतात. या साध्या वाढीला रोग म्हणावे की वार्धक्य, हे त्रास होतो की नाही यावरच ठरवणे शहाणपणाचे. पुरुषांत अशी वाढ मूत्रमार्ग आवळते, कुत्र्यात ती बहुधा बाहेरच्या दिशेने होऊन गुदाशयावर दाब आणते, म्हणून मालकाची तक्रार लघवीची नसून कुंथण्याची, चपट्या शौचाची किंवा शिश्नातून ठिबकणाऱ्या रक्ताची असते.

खरी कसोटी लागते ती चमकदार पांढऱ्या ठिपक्यांपाशी. क्षार साचल्याने उमटणारे, मागे काळी सावली टाकणारे हे ठिपके वृषण असलेल्या कुत्र्यात जुनाट दाहाचेही असू शकतात. तेच ठिपके खच्ची केलेल्या कुत्र्याच्या खडबडीत कडेच्या ग्रंथीत आढळले, तर कर्करोगाचा संशय फार बळावतो, कारण खच्चीकरणाने या कर्करोगापासून संरक्षण मिळत नाही. खच्ची केल्याची नोंद असूनही ग्रंथी गुळगुळीत, सम आणि चांगली भरलेली दिसली, तर पोटात राहून गेलेले वृषण शोधणे भाग असते. कागदावरच्या नोंदीपेक्षा अशा वेळी ग्रंथीची साक्ष अधिक भरवशाची ठरते.

गळू आणि साधी पोकळी यांतला भेद मात्र केवळ छटांवरून करणे धोक्याचे आहे. पूने भरलेल्या पोकळीत सहसा तरंगणारे कण दिसतात, पण रक्त मिसळलेला साधा द्रवही तसाच भासतो. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुई घालून द्रव किंवा पेशी काढल्या जातात. कर्करोगाचा संशय असेल तेव्हा सुईच्या वाटेने त्या पेशी पसरण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, आणि म्हणूनच अनेक पशुवैद्य अशा कुत्र्यात आधी मूत्रमार्गात नळी घालून नमुना घेणे पसंत करतात.