निराधाराचा खिसा

दारिद्र्यासही दाखला लागतो, हें आम्हांस ठाऊक होतें. आमचा मुलगा 26 वर्षांचा. पाय लहानपणींच अधू झाले. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेस अपंगत्व किमान 40 टक्के लागतें. त्याचें 70 भरलें. परंतु अपंगाच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आंत हवें, आणि आमच्या शिकवण्यांची मिळकत त्याहून अधिक. अर्ज परत आला. अधिक गरजूंस आधीं मिळावें, हें आम्हांसही मान्य आहे. पण मुलगा म्हणाला, "बाबा, दाढीच्या पैशांसाठीं तरी तुमच्यापुढें हात पसरावा लागूं नये, एवढेंच मनांत होतें." आम्ही आहों तोंवर तो निराधार नाहीं, हें खरें, पण स्वतःचा खिसा मिळण्यास त्यानें आमच्या मरणाची वाट पाहावी काय?