दात आंबतात तेव्हा

कच्ची चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, असे मराठी माणूस म्हणतो. हा केवळ भाषेचा अलंकार नाही. आम्लाने दातावरचा लाळेचा पातळ थर विस्कटतो, पृष्ठभागातले थोडे खनिज निघून जाते, आणि जिभेला दात खरखरीत लागतात. रसायनशास्त्राने ज्याला नंतर नाव दिले, ते भाषेने आधीच टिपून ठेवले होते.

कुंभकोणमच्या पूर्वेला, कावेरीच्या सुपीक पट्ट्यात आडुतुरै हे गाव आहे. विज्ञानाच्या वाचकांना ते ठाऊक असते भातामुळे. १९२२ पासून येथे भात संशोधन केंद्र आहे, आणि 'एडीटी' या अक्षरांनी सुरू होणारी भाताची वाणे याच गावाचे नाव घेऊन फिरतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर प्रांतात स्थिरावलेली मराठी कुटुंबे या परिसरात आजही आहेत. बाहेर तमिळ आणि घरात जुन्या वळणाची मराठी, असा त्यांचा व्यवहार.

अशाच एका घरात बावीस वर्षांची नात आणि पंचाहत्तरीची आजी राहतात. नात कुंभकोणमला महाविद्यालयात शिकते. वजन उतरावे म्हणून गेली दोन वर्षे ती रोज पहाटे कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते. पुस्तक समोर ठेवून, घोट घोट, अर्धा तास. लगेच उठून ब्रशने खसाखसा दात घासते. या वर्षी थंड पाण्याने दातांत कळ येऊ लागली. समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या आणि हिरडीजवळ पिवळेपणा दिसू लागला. दंतवैद्यांनी तपासून सांगितले की ही कीड नव्हे, झीज आहे. किडीत जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. येथे जिवाणूंचे काम लिंबाने परस्पर उरकले होते.

घरी आल्यावर नातीचा पहिला प्रश्न आजीला होता. जन्मभर चिंचेच्या कोळावर जेवलेल्या आजीचे दात शाबूत कसे?

एका आजीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर ताटाच्या शेवटी वाढल्या जाणाऱ्या दहीभातात काही अंशी सापडते.

दाताचे एनॅमल, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. हे खनिज हायड्रॉक्सीॲपटाइट. त्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल असे तीन घटक. आम्लातले हायड्रोजन आयन हायड्रॉक्सिलला पाण्यात बदलतात आणि फॉस्फेटलाही आपल्याकडे ओढतात. द्रावणातले हे घटक असे कमी झाले की समतोल राखण्यासाठी दातातले खनिज विरघळू लागते. सामू, म्हणजे पीएच, ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळते, असे पाठ्यपुस्तकात असते. मग दही? त्याचा सामू ४ ते ४.५ च्या आसपास असतो, तरी दह्याने दात झिजत नाहीत. कारण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके आधीच विरघळलेले असतात की त्या द्रवात दातातून आणखी खनिज येण्यास वावच उरत नाही. पाण्यात मीठ विरघळणे थांबते, तसेच हे. म्हणजे ५.५ हा आकडा एनॅमलचा अंगभूत गुण नाही. तो लाळेतल्या खनिजांच्या प्रमाणावरून आलेला आहे, आणि भोवतालचा द्रव बदलला की तोही बदलतो. परीक्षेत आकडा विचारतात, ही अट सहसा कोणी विचारत नाही.

लिंबूपाण्यात हे संरक्षण नाही. उलट त्यातले सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते. चिंचेतले टार्टारिक आम्लही सौम्य नव्हे. मात्र आजीच्या ताटात ते डाळीत मिसळलेले, भाताबरोबर चावलेले असते. चावल्याने लाळ सुटते, जेवण लवकर आटोपते, आणि शेवटी दहीभात येतो. नातीचे आम्ल रिकाम्या तोंडात, कोमट, अर्धा तास पुन्हा पुन्हा येत राहते. आम्लाने मऊ झालेला वरचा थर लाळ हळूहळू पुन्हा कठीण करू शकते. त्याआधीच ब्रश फिरला तर तो थर खरवडून निघतो. दंतवैद्य साधारण अर्धा ते एक तास थांबायला सांगतात. या अवधीबद्दल मतभेद आहेत, पण लगेच घासू नये यावर फारसा वाद नाही. साध्या पाण्याने चूळ मात्र तत्काळ भरावी.

निघून गेलेला थर परत येत नाही. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते, पण एनॅमलमागे दुरुस्तीला कोणी उरलेले नसते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मधल्या बातमीने नातीला हुरूप आला. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रथिनाधारित जेलविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाल्यावस्थेत एनॅमल घडवणाऱ्या प्रथिनांची नक्कल करणारे हे जेल दातावर चौकट उभारते, लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट तिच्यात गोळा होतात, आणि नवे स्फटिक जुन्या स्फटिकांच्या दिशेनेच वाढतात. दिशा राखणे हीच यातली अवघड गोष्ट, कारण एनॅमलचे बळ त्याच्या स्फटिकांच्या रांगेत असते. काम सुंदर आहे. परंतु हे प्रयोग काढलेल्या मानवी दातांवर, प्रयोगशाळेत झाले. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मथळ्यांनी मात्र दात पुन्हा उगवूनच टाकले होते.

आज उपलब्ध आहेत ते उपाय जुनेच आहेत. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमुळे पृष्ठभागावर आम्लाला अधिक दाद न देणारे खनिज तयार होते. कथिल असलेले फ्लोराइड झिजेवर विशेष उपयोगी पडते. झीज खोल असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट, त्याहून अधिक असेल तर कॅप. आम्लपित्तामुळे पोटातले आम्ल रात्री तोंडाशी येत असेल तर आधी त्याचा उपचार, कारण झोपेत लाळ फार कमी असते.

नातीच्या दोन दातांच्या कडा कॉम्पोझिटने भरल्या आहेत. बाकीच्यांची छायाचित्रे दंतवैद्यांनी काढून ठेवली आहेत, सहा महिन्यांनी ताडून पाहण्यासाठी. पहाटेचे लिंबू आता दुपारच्या भातावर पिळले जाते, आणि त्यानंतर आजी तिला ताकाशिवाय उठू देत नाही.