रंगासाठी नजर गहाण ठेवायची काय?

गेल्या एप्रिलमध्ये आमची पुतणी दुबईहून महिन्याच्या रजेवर घरी आली. तिथल्या एका मोठ्या दुकानात ती अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने विकते. दहा-दहा तास उभे राहून तिने धाकट्या भावाचे शिक्षण केले, आईवडिलांच्या घरावर स्लॅब टाकला. अशी ही कर्ती मुलगी. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, रागावू नका. मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार आहे."

आमच्या काळजात धस्स झाले. "काय झालं डोळ्यांना? दिसत नाही का?"

"दिसतं हो. रंग बदलायचाय."

तिने मोबाइलवर फिती दाखवल्या. तुर्कस्तानात इस्तंबूलला एक दवाखाना आहे. तपकिरी डोळ्यांची मुलगी आत जाते आणि तासाभराने निळसर-करड्या डोळ्यांची होऊन हसत बाहेर येते. आमच्या पुतणीने आगाऊ रक्कम भरून तारीखही घेतली होती. विमानभाडे, हॉटेल आणि ऑपरेशन मिळून खर्च सहा लाखांच्या घरात जात होता. म्हणजे तिची दोन वर्षांची शिल्लक.

खरे सांगायचे तर आम्ही आवाज चढवला. लग्नाचे पैसे, आईवडिलांचे म्हातारपण, सारे एका दमात बोलून गेलो. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "रागावलात तर पोरगी गप्प बसेल, पण तिकीट रद्द होणार नाही."

ते आम्हाला पटले. विहारात बोलताना आम्ही कालाम सुत्ताचा दाखला नेहमी देतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग तो नियम मोबाइलच्या फितीला लागू होतो, तसा काकाच्या रागालाही लागू होतो. दोन्ही बाजूला ठेवून तपासायचे ठरले.

आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी नेत्रतपासणी शिबिर भरते. त्या निमित्ताने ओळख झालेल्या एका डॉक्टरबाईंकडे आम्ही पुतणीला घेऊन गेलो. त्या तिला रागावल्या नाहीत. कागदावर डोळ्याचे चित्र काढून त्यांनी सगळे समजावले. त्यांनी जे सांगितले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते वाचकांसाठी थोडक्यात देत आहोत.

डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्याच्या मागे रंगीत बुबुळ आणि बुबुळाच्या मध्यभागी बाहुली. कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव सतत खेळत असतो. दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यात त्याची बारीकशी मोरी असते. ती तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस दबून मरत जाते आणि काचबिंदू होतो. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत आणता येत नाही.

रंग बदलण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे डोळ्याला छोटी चीर देऊन सिलिकॉनची पातळ रंगीत चकती घडी करून आत सरकवायची आणि बुबुळासमोर उलगडायची. हा धंदा 2000 नंतरच्या दशकात पनामात सुरू झाला, मग इतर देशांत पसरला. अमेरिकेत परवानगी नाही म्हणून तिथले रुग्ण परदेशी गेले. काही तर या कामासाठी आपल्या भारतातही आले! ही चकती आत घासत राहते. त्यातून सूज येते, मोरी तुंबते, काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला तो पडदा स्वच्छ ठेवणाऱ्या पेशींचा एक थर असतो. त्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पडदा पांढुरका पडतो आणि मग दुसऱ्या कुणाच्या नेत्रदानातून आलेला पडदा बसवण्याची पाळी येते. बऱ्याच जणांच्या चकत्या पुढे काढाव्या लागल्या, आणि काढतानाही डोळ्याला इजा होऊ शकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जन्मतःच बुबुळ नसलेल्या किंवा अपघातात ते गमावलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम बुबुळ ही खरीखुरी मदत आहे. त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली मान्यता दिली. ती मान्यता आजारासाठी आहे, धडधाकट डोळ्याच्या हौसेसाठी नाही. जाहिराती हा फरक सोयीने विसरतात.

दुसऱ्या तऱ्हेत लेझरने कॉर्नियात बारीक बोगदा पाडून त्यात रंग भरतात. गोंदण्यासारखेच म्हणा, फक्त ते डोळ्यावर. यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, पडदा गढूळ होऊ शकतो, उजेड सहन होत नाही, रंग उतरतो किंवा एकसारखा बसत नाही. म्हातारपणी मोतीबिंदू काढताना डॉक्टरांना तो रंग आड येऊ शकतो, तेही वेगळेच. तिसऱ्या तऱ्हेत लेझरने बुबुळावरचा तपकिरी रंग फोडतात. फुटलेल्या रंगाची भुकटी कुठे जाणार? त्याच मोरीत! आणि एकदा घालवलेला रंग परत भरता येत नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी 2024 मध्ये चकती आणि रंगभरणी या दोन्ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी करून घेऊ नका, असा जाहीर इशारा दिला.

पुतणी म्हणाली, "पण डॉक्टर, फितीतल्या मुलींना तर काही झालेलं नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "फीत पहिल्या आठवड्यातली असते, बाळ. डोळा तुला अजून पन्नास वर्षं वापरायचाय."

घरी आल्यावर आम्ही एक कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. हिशेबाच्या कामात आमचे आयुष्य गेले, त्यामुळे दुसरी रीत आम्हाला ठाऊक नाही. जमेच्या बाजूला काय येते ते तिनेच लिहायचे आणि नावे बाजूला काय पडते तेही तिनेच. जमेला तिने लिहिले: रंग बदलेल, फोटो चांगले येतील, कामावर छाप पडेल. नावे बाजूला तिने आधी फक्त पैसे लिहिले. मग थोडा वेळ थांबून 'दुखेल', आणि आणखी थोड्या वेळाने 'नजर' असा शब्द लिहिला.

मग तिने दवाखान्याला प्रश्न पाठवले. ऑपरेशन कोण करणार, त्यांचे शिक्षण काय? आधी डोळ्यातला दाब आणि कॉर्नियाच्या पेशी मोजणार का? पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांचे आज कसे आहे? दुबईला परत गेल्यावर डोळा लाल झाला तर बघणार कोण आणि खर्च कोणाचा? संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे, ते आधी वाचायला मिळेल का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. काळजी करू नका, आमचे सर्व ग्राहक आनंदी आहेत, आणि या आठवड्यात पैसे भरल्यास सवलत मिळेल. पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. त्यांनी 'रुग्ण' न लिहिता 'ग्राहक' लिहिले होते, हे पुतणीच्याच लक्षात आले. तिच्या कंपनीचा विमा अशा ऑपरेशनला लागू नाही, हेही तिने विचारून घेतले. आपल्याकडे पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. निदान दाद मागायला दार तरी आहे. परमुलखात काही बिघडले तर दुबईत काउंटरवर उभी राहणारी मुलगी तिथले कोर्ट आणि वकील कुठून आणणार?

एवढे होऊनही तिचे मन पुरते मागे फिरले नव्हते. शेवटी सौ.नी तिला विचारले, "बाळा, हे तुझ्या मनात आलं तरी कुठून?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, तिथे उजळ मुलींना पुढच्या काउंटरवर उभं करतात, मला मागे. पण ते तर परके. मी नववीत असताना आपल्याच घरात पाहुणे आले होते. 'पोरगी हुशार आहे, पण रंगानं मारली,' असं ते म्हणाले. तुम्ही सगळे हसलात. आणि माझ्या बायोडाट्यात 'निमगोरी' काकांनीच लिहिलं ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तो बायोडाटा आमच्याच अक्षरातला होता. गोरा वर्ण, घारे डोळे, सरळ नाक ही मोजपट्टी कोणी तयार केली, तिने कोणाला वर आणि कोणाला खाली ठेवले, यावर आम्ही व्यासपीठावरून तासभर बोलू शकतो. आणि घरी येऊन तीच पट्टी पोरीला लावली! बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या स्वाभिमानात आपला वर्ण, आपले डोळे येत नाहीत काय? विज्ञान तर सांगते की निळ्या डोळ्यात निळा रंग मुळी नसतोच. तिथे तपकिरी रंगद्रव्य कमी असते, म्हणून विखुरलेल्या उजेडामुळे तो निळा दिसतो. आपल्या बुबुळातला भरपूर तपकिरी रंग ही कमतरता नव्हे. उन्हाच्या मुलखात तो डोळ्याला सावली देतो.

हे बोलणे चालू असताना आमची आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात तिचा मोतीबिंदू काढला. पट्टी सोडली त्या दिवशी तिने आधी स्वतःचे हात बघितले होते, मग भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. तिने नातीला जवळ बोलावले, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "हे डोळे माझेच हायेत गं. माझ्या आईचं बी असंच व्हतं. मला दोन वरसं काय बी दिसंना, तवा कळलं डोळा कशासाठी असतो. तुला समदं दिसतंय न्हवं?"

पुतणी तिच्या मांडीवर डोके ठेवून रडली. आम्ही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

तिने तारीख रद्द केली. आगाऊ भरलेल्या रकमेतला एक पैसा परत आला नाही. आम्ही तिला सांगितले, हा खर्च आमच्या खात्यावर टाक. तो आमच्याच हातून झालेला आहे. सगळे एका रात्रीत सुटले असे आम्ही म्हणणार नाही. जाताना तिने डॉक्टरबाईंना रंगीत लेन्सबद्दल विचारले. त्यांनी तिला नाही म्हटले नाही. डोळा तपासून, मापाप्रमाणे घे, नंबर नसला तरीसुद्धा. हात धुऊन लाव, नळाच्या पाण्यात ठेवू नकोस, लावून झोपू नकोस, मैत्रिणीची वापरू नकोस आणि डोळा दुखला की त्याच क्षणी काढ, असे त्यांनी बजावले. निर्णय तिचा आहे. आता ती तपासून घेईल एवढा भरवसा आम्हाला आहे.

आम्ही मात्र एक काम केले. आमच्या विहारातर्फे वधू-वर परिचय मेळावा भरतो. त्याच्या अर्जात नाव, शिक्षण, नोकरी यांच्याखाली 'वर्ण' असा एक रकाना वर्षानुवर्षे छापला जात होता. यंदाच्या बैठकीत आम्ही तो काढून टाकण्याचा ठराव मांडला. दोघा-तिघांनी कुरकुर केली, पण ठराव मंजूर झाला. नवे अर्ज छापून आले आहेत. बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरच्या बायोडाट्यात तो रकाना अजून असेल, तर आजच खोडून टाका.

जयभीम.