मर्यादा आधी, नकाशा नंतर



भद्रावतीत आमच्या घराचं बांधकाम सुरू आहे. "किती खर्च येतोय?" असं सगळ्याच विचारतात. खरं विचारायला हवं ते हे, की किती करायचा ते कधी ठरवलं?

सासूबाईंचं परिग्रह-परिमाण व्रत आहे. त्यात मर्यादा घालायच्या गोष्टी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, इथूनच सुरू होतात. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधीच आमचा आकडा ठरला, 28 लाख. मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही, हेही ठरलं. पहिल्या नकाशाचा अंदाज आला 34 लाख. हे म्हणाले, "सहा लाख ठेवीतून काढू, नंतर भरू." सासूबाई म्हणाल्या, "आधी नकाशा लहान करून बघा."

पण लहान कुठे करायचा? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पक्क्या मुरमापर्यंत न्यावाच लागतो. तिथे, लोखंडात किंवा स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर नको. कमी करायचं ते क्षेत्रफळ. एक खोली वगळली की तिचा पाया, भिंती, स्लॅब, फरशी, वायरिंग सगळंच वाचतं. आम्ही पाहुण्यांची खोली आणि वेगळा डायनिंग हॉल वगळला. फॉल्स सीलिंग आणि कपाटं पुढे कधीतरी करू. अंदाज 25 लाखांवर आला. वरचे तीन लाख राखीव ठेवले. खोदताना मुरूम दोन फूट खाली लागला, त्यात 70 हजार गेले. ते राखीवमधूनच दिले, म्हणून घरात वाद झाला नाही.

ठेकेदाराकडून बाबवार यादी घ्या. हप्ते कामाला बांधा: जोतं झालं की एक, स्लॅब झाला की एक, प्लास्टर झालं की एक. आणि काम सुरू झाल्यावर भिंत हलवू नका. कागदावर खोडरबरानं होणारा बदल साइटवर तोडफोडीनं होतो.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या व्रताचा एक अतिचार सांगितला आहे: दोन घरं जोडून टाकायची आणि म्हणायचं, घर एकच आहे! आपणही हेच करतो. "हे बांधकामात नको, फर्निचरमध्ये लिहू" म्हणतो. वहीतली मर्यादा शाबूत राहते, पैसे मात्र जातात. म्हणून आमच्याकडे वही एकच आहे आणि रोज रात्री ती सासूबाईंसमोर उघडते.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेलात तर आदि निवास बघा. 1936 साली, गाव अजून शेगाव होतं तेव्हा, गांधीजींनी अट घातली होती: खर्च 500 रुपयांच्या आत, सामान इथलंच आणि कारागीरही इथलेच. आकडा आधी ठरला, म्हणून माती, बांबू, कवेलूचं घर उभं राहिलं. तिथे उभं राहिल्यावर काही कमी आहे असं मला तरी वाटलं नाही.

आमचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. राखीवमध्ये 2 लाख 30 हजार शिल्लक आहेत. ह्यांना दर्शनी भागाला दोन खांब हवेत. सासूबाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "यातलं काय खोडायचं ते तूच सांग." अजून काही खोडलेलं नाही.