सावलीचा पत्ता : दादर पूर्व

दादर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पुलावरची रेटारेटी, 'फास्ट कुठली, स्लो कुठली'चा गोंधळ, फुलबाजार आणि सेलच्या पाट्या. ऑफिसला जाताना गाडी बदलायची जागा, एवढीच बहुतेकांची दादरशी ओळख. पण एखाद्या शनिवारी पूर्वेला उतरा आणि घड्याळाकडे न बघता चालायला लागा.

आधी खोदादाद सर्कल, म्हणजे आपलं दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली धावली, पण टॅक्सीवाल्याला आजही टीटीच सांगायचं. इथून आंबेडकर रोडच्या अलीकडे हिंदू कॉलनी. बाबासाहेबांनी खास पुस्तकांसाठी जागा ठेवून बांधलेलं 'राजगृह' इथलंच; तिथे नक्की थांबा. मग सिग्नल बघून रस्ता ओलांडायचा. दोन वळणं घेतली की हॉर्न मागे पडतात आणि चक्क पोपटांचा कलकलाट ऐकू येतो. आली पारशी कॉलनी!

ही सावली आपोआप उगवलेली नाही बरं का. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या जुन्या मुंबईत माणसं किती कोंडली आहेत ते सरकारच्या लक्षात आलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या उभ्या करायचं ठरलं. तेव्हा मंचेरजी एदलजी जोशी नावाच्या इंजिनिअरने ट्रस्टचा पिच्छा पुरवला आणि १०३ प्लॉट ९९९ वर्षांच्या लीजवर मिळवले. (हो, जोशी! आणि पारशी!) ही जागा कोणासाठी? शेठ लोकांसाठी नाही, बेताच्या पगारातल्या पारशी कुटुंबांसाठी. इमारती बुटक्या ठेवायच्या, मध्ये मोकळी हवा सोडायची. रस्त्यावर झाडं कुठली आणि फुलं कुठली, तेही जोशींनीच ठरवलं. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक.

हे वाचून जरा चिडचिड होते, खरं सांगते. शंभर वर्षांपूर्वी कारकुनाला वारा, बाग आणि शाळा चालत जाण्याइतक्या अंतरावर मिळावी म्हणून कोणीतरी भांडलं. आज आपण ईएमआय भरतो तो लांबच्या उपनगरातल्या विसाव्या मजल्याचा, आणि 'गार्डन व्ह्यू' म्हणजे पोडियमवरची चार पामची झाडं. इथली घरं पारशांसाठीच आहेत, त्यामुळे ती तुमच्या-माझ्या नशिबी नाहीत. अग्यारीतही बिगरपारशांना प्रवेश नाही, दारावरूनच पुढे व्हायचं.

पण एक गोष्ट मला फार आवडते. इतर पारशी बागांना असते तशी भिंत या कॉलनीला नाही. रस्ते सगळ्यांचे. त्यामुळे फाइव्ह गार्डन्सच्या पाच बागांभोवती संध्याकाळी कोण नसतं? व्हीजेटीआय आणि खालसाची पोरंपोरी, जॉगिंगवाले काका, हात धरायला जागा शोधणारी जोडपी, क्रिकेटवरून भांडणारी चिल्लीपिल्ली. बागांना नावही मंचेरजी जोशींचंच आहे आणि कॉलनीत त्यांचा पुतळाही आहे. हे मात्र शेजारून जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.

गल्ल्यांत शिरलात तर हळू चाला. उंबऱ्यापुढची चुन्याची रांगोळी, दारावरचं तोरण, कव्हर घातलेली एखादी जुनी गाडी, गॅलरीतली वेताची खुर्ची. काही खिडक्या बंद दिसतात आणि जनगणनेचे आकडे आठवतात : २००१ मध्ये देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. इमारती जुन्या झाल्यात, जमीन सोन्याची झालीय. बिल्डरचा डोळा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. मजले वाढले की गाड्या वाढणार आणि पहिली कुऱ्हाड रस्त्याकडेच्या झाडावर पडणार. मुंबईत दुसरीकडे आपण हेच बघत आलोय.

फोटो काढायचे तर झाडांचे बिनधास्त काढा. गॅलरीत बसलेल्या आजींचा काढण्याआधी मात्र 'साहेबजी' म्हणून विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा बॅगेत. आणि भूक लागलीच तर किंग्ज सर्कल इथून चालत जाण्यासारखं आहे. १९४० पासूनच्या कॅफे मद्रासमध्ये नंबर लावा, रवा डोसा आणि वर फिल्टर कॉफी. रविवारी सकाळी रांग मोठी असते, म्हणून म्हटलं शनिवार.