नोर्ग्येलिंगची वाट

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या आगगाडीनें आम्ही अर्जुनीस उतरलों आणि नवेगावबांधचा तलाव पाहून गोठणगांवची वाट धरली. दुतर्फा धानाच्या बांध्या, मधून मधून मोहाचीं झाडें. आणि एकाएकीं त्या झाडांआडून रंगीबेरंगी मंत्रपताका फडफडतांना दिसल्या. हीच नोर्ग्येलिंगची वसाहत. १९७२ सालापासून तिबेटी निर्वासित येथें नांदत आहेत. पावसाळ्यांत धान पिकवावें, हिवाळ्यांत परगांवीं लोकरी कपडे विकावे, असा कित्येकांचा संसार.

एका घरीं चहा घेतांना परदेशप्रवासाचा विषय निघाला. आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों, “आतां व्हिसासाठीं वकिलातीचे उंबरठे झिजवावयास नकोत. श्रीलंकेसारख्या लहानशा देशानें २०१२ सालीं संगणकावरून घरबसल्या प्रवासाची परवानगी देण्यास आरंभ केला. आपल्या सरकारनेंहि २०१४ च्या नोव्हेंबरांत ४३ देशांच्या प्रवाशांसाठीं तशीच सोय केली.” यजमान नुसते हसले आणि पेटींतून एक पिवळें पुस्तक काढून त्यांनीं आमच्या हातीं दिलें.

तें भारत सरकारनें दिलेलें ओळख-प्रमाणपत्र होतें. परदेशीं जातांना पासपोर्टाच्या जागीं तेंच दाखवावें लागतें. संगणकावरील अर्ज मात्र आधीं राष्ट्रीयत्व विचारतो, मग पासपोर्टाचा क्रमांक. आपल्याच ई-व्हिसाच्या नियमांत पासपोर्टाऐवजीं निराळें प्रवासपत्र बाळगणाऱ्या परकीयांस ही सोय नाहीं. म्हणजे दूरदेशीं निर्वासित म्हणून राहिलेला नातू आजीस भेटावयास येऊं म्हणेल, तर त्यास जुन्याच दारीं तिष्ठावें लागणार. शिवाय वसाहतींत येण्यास गृहखात्याचा वेगळा परवाना हवाच.

दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं निर्वाळा दिला कीं, २६ जानेवारी १९५० नंतर व १ जुलै १९८७ पूर्वीं भारतांत जन्मलेले तिबेटी जन्मानेंच भारतीय नागरिक होत, व त्यांस पासपोर्ट मिळाला पाहिजे. एकाच आईचीं दोन लेंकरें मनांत आणावीं. थोरलें १९८६ सालचें, धाकटें १९८८ सालचें. थोरल्यानें घरबसल्या व्हिसा मागावा आणि धाकट्यानें पिवळें पुस्तक घेऊन खेटे घालावे!

यंत्र वेगवान झालें, यांत संशय नाहीं. परंतु ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ या प्रश्नास ज्याच्यापाशीं एका शब्दाचें उत्तर नाहीं, त्यास त्या वेगाचा काय उपयोग?

निघतांना घरांतील आजींनीं आमच्या हातीं शेतांतल्या तांदळाची पुडी ठेवली. तांदूळ गोंदियाचाच होता.